‘आम्ही काही केलं नाही’: नागपूरच्या इतिहास-शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक,
तसंच आठवी ते दहावीला इतिहास शिकवणारे माझे सर्व शिक्षक बंधुभगिनी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. ३१ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून सूचना निघतात, वेशभूषा स्पर्धा, भाषण स्पर्धा, समूहगीत. आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा परवा फेटा बांधून घ्यायला माझ्याकडे आला होता. फेटा बांधता बांधता मी त्याला सहज विचारलं, ‘अरे, १९४२ च्या ८-९ ऑगस्टला काय झालं होतं?’ त्याने पाठ केलेलं सांगितलं: मुंबई, गवालिया टँक, चले जाव, करा किंवा मरा. सगळं बरोबर. मग विचारलं, ‘आणि आपल्या नागपुरात?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘नागपुरात काही झालं नसेल ना आजी, पुस्तकात नाही.’

त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. चूक त्या लेकराची नाही. आपली आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. तोही पुढे सांगणार आहे.

आमचं घर इतवारीकडचं, विणकरांचं. आजोबा खड्ड्याच्या मागावर लुगडी विणायचे. खड्ड्याचा माग आजच्या मुलांनी पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खणलेल्या खड्ड्यात, आणि पायानं खालच्या पट्ट्या दाबत दाबत हातानं धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, फेकतो. आजी शेजारी बसून चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आळीभर खटक-खटक चालायचं. वडील सांगायचे, बेचाळीसच्या ऑगस्टात तो आवाज पहिल्यांदा थांबला, आणि त्यांना आठव्या वर्षी पहिली भीती वाटली ती त्या शांततेची.

त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, संचारबंदी होती. एका संध्याकाळी कॉलेजातली दोन पोरं मागच्या दारानं आली. हातात सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांचा गठ्ठा. आजोबा घरात नव्हते. आजीनं त्यांना नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गठ्ठा मागाच्या खड्ड्यात टाकला, वर पोतं पसरलं आणि खड्ड्याच्या काठावर कांड्या भरायला बसली. पोरांना म्हणाली, उपाशी जाऊ नका. चून-भाकर दिली. मग पुढे ११ दिवस हे चाललं. पत्रकं यायची, खड्ड्यात जायची, दुसरं कोणीतरी येऊन न्यायचं. बाजार बंद, घरात पीठ संपत आलेलं. तेव्हा परसातल्या भिंतीतली एक वीट काढली गेली आणि त्या भोकातून शेजारच्या घरातून पीठ येऊ लागलं, त्यांच्याकडे पलीकडच्या घरातून. एका ओळीत सात घरं होती. सातही घरांना कळत होतं की एका घरात एवढ्या भाकरी कोणासाठी होतात. शिपाई विचारायला आला तेव्हा सातही दारांतून एकच उत्तर मिळालं: ‘आम्हाला काही माहीत नाही.’

हे सगळं मला वडिलांकडून कळलं. आजीकडून नाही. मी बी.एड. करत होते तेव्हा मोठ्या उत्साहानं वही घेऊन तिच्यापुढे बसले. म्हटलं, ‘आजी, बेचाळीसमध्ये तुम्ही काय केलं ते सांग ना.’ ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘काहून विचारते वं? आमी काई नाई केलं. भाकरी थापल्या.’ मी वही मिटली. तिला काही आठवत नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. ती १९८८ मध्ये गेली.

शिक्षक म्हणून माझी पहिली चूक ती. माझा प्रश्न चुकीचा होता. ‘तुम्ही काय केलं’ असं विचारलं की माणूस स्वतःला पुस्तकातल्या लोकांच्या शेजारी उभं करून बघतो, आणि मग म्हणतो, आम्ही काही केलं नाही. मी विचारायला हवं होतं: रोज किती भाकरी करायचीस? पीठ कुठून आणायचीस? वीट कोणी काढली? परत कधी बसवली? या प्रश्नांची उत्तरं तिनं तासभर दिली असती.

माझं तुम्हाला सांगणं एवढंच आहे. क्रांती म्हणून आपण जे शिकवतो ते ज्यांनी पेललं, ती माणसं ‘आम्ही काही केलं नाही’ म्हणणारी आहेत. त्यांचं केलेलं बहुतेक वेळा नकाराच्या रूपात असतं. सांगायला नकार, विकत घ्यायला नकार, दार न उघडणं, किंवा रात्री दार उघडणं. परीक्षेच्या उत्तरात ते मावत नाही, म्हणून आपण ते वर्गातून काढून टाकलं. ते परत आणा.

आपल्याच शहरातला एक प्रसंग घ्या. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. नागपुरात तो झाला हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांना जमनालाल बजाज आणि सरदार पटेल ही दोन नावं येतात. पांढरा, हिरवा, लाल अशा तीन पट्ट्यांचा, चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे साहेबांच्या वस्तीत, जायला सरकारनं बंदी घातली. १ मेपासून रोज स्वयंसेवकांची तुकडी निघायची, हद्दीवर अडवली जायची, तुरुंगात जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. गुजरातेतून, बिहारमधून, मद्रासकडून माणसं येत राहिली. दीड हजाराहून जास्त लोक तुरुंगात गेले. हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान त्यातल्याच. अखेर १८ ऑगस्टला त्याच झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

आता मुलांना विचारा, परमुलखातून आलेली ही शेकडो माणसं अटक होईपर्यंत उतरली कुठे? जेवली काय? मद्रासच्या माणसाला ज्वारीची भाकर तोडता येत होती का? त्यांची भाषा कोणाला समजत होती? वर्गात हे प्रश्न टाकून बघा. मुलं कशी उठून बसतात ते मी पाहिलं आहे. एका पोरीनं तर विचारलं होतं, ‘मॅडम, मग त्यांचे कपडे कोणी धुतले?’ मला त्याचं उत्तर आलं नाही. पण तिला इतिहास कळला होता.

याच सत्याग्रहातला एक प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. जमनालालजींना शिक्षा झाली आणि वर ३,००० रुपये दंड. त्यांनी दंड भरला नाही, तेव्हा सरकारनं त्यांची मोटार जप्त केली आणि लिलावाला काढली. १९२३ मधली मोटार! शहरात ती घेऊ शकतील असे पैसेवाले कमी नव्हते. इतवारीचा सराफा होता, धान्याचे, कापसाचे व्यापारी होते, मोठमोठे मालगुजार होते. लिलावाची मोटार म्हणजे पडत्या भावात मिळणारी वस्तू. आणि बोली कोणीही लावली नाही. सरकारला शेवटी ती मोटार काठियावाडात नेऊन विकावी लागली.

बोली न लावणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत. असणार कशी? न केलेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवतो? त्यांतले सगळेच देशभक्त असतील असं मी म्हणत नाही. काही घाबरले असतील, उद्या लोक दुकानात यायचे नाहीत म्हणून. काहींना शेजाऱ्याची लाज वाटली असेल. पण शेजाऱ्याची लाज वाटावी एवढी गोष्ट ज्या शहरात घराघरांत पोचली होती, ते शहर सरकारच्या हातून गेलेलंच होतं. हा धडा नागपूरच्या मुलांना नागपूरच्या शिक्षकांनी द्यायचा नाही तर कोणी द्यायचा?

आता चिमूर. हा भाग लिहिताना माझा हात जड होतो, पण तो गाळला तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पाठ्यपुस्तकात चिमूर-आष्टीची नावं येतात. एका वाक्यात, इतर गावांच्या यादीत. आपण ते वाक्य वाचतो, मुलं अधोरेखित करतात, आणि ‘रिकाम्या जागा भरा’ साठी ते तयार होतं. चिमूर नागपूरपासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं गाव भारलेलं होतं. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, १६ वर्षांचा बालाजी रायपूरकर त्यात गेला. चिडलेल्या जमावानं चार सरकारी माणसांना ठार केलं. हेही मुलांना सांगा. लपवू नका. आष्टीतही पोलीस मारले गेले आणि गावकरीही मेले. क्रांतीत लोकांच्या हातून काय काय होतं, राग कुठवर जातो, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सांगितलं तर ते समजून घेतं. मारल्या गेलेल्या शिपायालाही घर होतं, असं वर्गात म्हणणारा एक तरी मुलगा निघतो. त्याला बोलू द्या. मला त्या मुलाची उत्तरपत्रिका वाचायला नेहमी आवडायची.

लष्कर येऊ नये म्हणून गावकऱ्यांनी झाडं पाडून रस्ते अडवले. तरी १९ ऑगस्टला फौज पोचली. पुरुषांना धरून नेलं. गावात उरल्या बायका आणि मुलं. मग बायकांवर अत्याचार झाले.

इथे बहुतेक शिक्षक पान उलटतात. मीही कित्येक वर्षं उलटलं. ‘लष्कराने अत्याचार केले’, पुढचा मुद्दा. आणि असं करताना चिमूरचा सगळ्यात धैर्याचा भाग मी दर वर्षी गाळत होते. नागपूरच्या काही बायका चिमूरला गेल्या आणि तिथल्या बायकांनी तोंड उघडलं. काय झालं ते सांगितलं. डोळ्यांसमोर आणा: १९४२ सालचं खेडेगाव. नवरा, भाऊ, सासरा तुरुंगात. वेशीवर फौज. आपल्यावर काय झालं हे बोलून दाखवणं म्हणजे नांदायचं राहील की नाही याचा भरवसा नाही. तरीही त्या अनोळखी शहरी बाईसमोर, कागद-दौत पुढे असताना, एकीनं सांगितलं. मग दुसरीनं. झेंडा घेऊन चालण्यापेक्षा हे मला कणभरही कमी वाटत नाही. जास्तच वाटतं. झेंडा घेणाऱ्याच्या मागे लोक असतात, त्याच्या नावाचा जयजयकार होतो. या बायकांना ठाऊक होतं की आपलं नाव कोणी घ्यायचं नाही, आणि घेतलं तर ते मान खाली घालायला लावण्यासाठी.

सरकारनं चौकशीला नकार दिला. मग सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले, ६३ दिवस. त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारनं बंदी केली. तेव्हा ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या कितीतरी वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. पुन्हा नकार! एका गावातल्या बायकांचं बोलणं दडपलं म्हणून त्या दिवशी हजारो घरांत सकाळचा पेपर आला नाही. आणि जे छापलं गेलं नाही ते त्या कोऱ्या सकाळीच लोकांना कळलं.

चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशीच्या शिक्षा झाल्या तेव्हा त्या टाळण्यासाठी आपल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळे झिजल्या. १९४५ मध्ये त्या फाशीची जन्मठेप झाली. चिमूरच्या खटल्यातला नसलेला, आपल्या नागपूरचाच शंकर महाले मात्र वाचला नाही. १९ जानेवारी १९४३ ला नागपूरच्या कारागृहात त्या कोवळ्या पोराला फाशी दिलं. वर्धा रोडनं रोज किती स्कूल बस त्या तुरुंगाजवळून जातात! एका तरी बसमध्ये एखाद्या शिक्षकानं खिडकीतून बोट दाखवावं, असं मला फार वाटतं.

आठवीच्या वर्गात चिमूरच्या बायकांबद्दल कसं बोलायचं, असं तुम्ही विचाराल. मी शेवटची सहा वर्षं बोलले. ‘सैनिकांनी बायकांच्या अंगावर हात टाकला, त्यांच्यावर बलात्कार झाले, आणि त्या बायकांनी ते सगळ्यांना सांगायचं ठरवलं.’ एवढंच, साध्या आवाजात. वर्ग शांत होतो. कोणी हसत नाही. एकदा एका पालकानं तक्रार केली, मला बोलावलं गेलं, ‘पोर्शन संपवा, हे कशाला’ असं समजावलं गेलं. मी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा शिकवलं. कारण त्या तासानंतर नववीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन स्वतःच्या घरातली एक गोष्ट बोलली होती. त्याहून जास्त इथे लिहीत नाही.

आता माझी दुसरी चूक.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. नववीचा वर्ग, चले जाव चळवळ. इंदोऱ्याहून, शहरातल्या मोठ्या दलित वस्तीतून, येणारी एक मुलगी होती, दुसऱ्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं. तिनं हात वर केला. ‘मॅडम, आमचे लोक तेव्हा कुठे होते?’ मी म्हणाले, ‘सगळेच लढत होते बाळा, सगळ्या जातिधर्माचे लोक होते.’ ती खाली बसली. तिला उत्तर मिळालेलं नाही हे तिच्या बसण्यावरून मला कळलं. मी फळ्याकडे वळले.

ते उत्तर खरं नव्हतं, आळसाचं होतं. खरं उत्तर शोधायला मला दोन वर्षं लागली आणि ते आपल्याच शहरात पडलेलं होतं. ९ ऑगस्टच्या बरोबर २० दिवस आधी, २० जुलै १९४२ ला, नागपुरात मोहन पार्कमध्ये दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते. हजारो बायका आल्या होत्या. एका नवऱ्यानं एकच बायको करावी, काम करणाऱ्या बायकांना भरपगारी रजा मिळावी, असे ठराव त्यांनी केले. १९४२ मध्ये! त्याच दिवसांत नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे बाबासाहेबांचा अनुसूचित जातींचा पक्ष, उभं राहिलं. बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. चले जावमध्ये ते नव्हते, आणि का नव्हते याची त्यांची कारणं होती. इंग्रज गेल्यावर गावाच्या विहिरीवर कोण पाणी भरू देणार, हा प्रश्न त्यांच्या लोकांपुढे होता, आणि चले जावच्या घोषणेत त्याचं उत्तर नव्हतं.

मला त्या मुलीला सांगायचं होतं: तुझ्या पणजीच्या पिढीतल्या बायका त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात, याच शहरात, एका दुसऱ्या गुलामीविरुद्ध एकत्र बसल्या होत्या. तुझे लोक इथेच होते. तोवर ती शाळा सोडून गेली होती.

म्हणून विनंती आहे, एकाच शहरातल्या या दोन गोष्टी एका तासात शेजारी शेजारी ठेवा. माझी आजी मागाच्या खड्ड्यावर बसली होती आणि तिच्या घरापासून थोड्या अंतरावर राहणारी एक विडी वळणारी बाई परिषदेतून परतली होती. दोघी एकमेकींच्या घरचं पाणी पीत नव्हत्या. आमच्या त्या सात घरांच्या भिंतीतलं भोक आठव्या घरापर्यंत गेलं नव्हतं, कारण आठवं घर आमच्यातलं नव्हतं. वडिलांना हे मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हेही वर्गात सांगायला हवं. आजीवर माझं प्रेम आहे म्हणून मी ते गाळणार नाही.

आणि मग १४ वर्षांनी याच शहरानं जे पाहिलं! १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांच्या बौद्ध धम्मदीक्षेचा दिवस. त्याला आपण धम्मक्रांती म्हणतो आणि ते योग्यच आहे. लाखो माणसं, बहुतेक हातावर पोट असलेली, रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी नागपूरला आली. पांढरी वस्त्रं, खांद्यावर लेकरं, सोबत शिदोरी. कोणी दगड उचलला नाही. उभं राहून प्रतिज्ञा घेतली आणि घरी गेली. खरी क्रांती मग घरी सुरू झाली: गावात जाऊन ‘आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही’ असं सांगायचं होतं. ते सांगणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल? कामावरून कोणी काढलं, किराणा कोणी बंद केला, विहिरीवर काय ऐकावं लागलं? याची उत्तरं अजून मिळू शकतात. बेचाळीस पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. पण छप्पन साली जे दहा वर्षांचं होतं ते माणूस आज ऐंशीच्या घरात आहे, इंदोऱ्यात, पाचपावलीत, तुमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत ओट्यावर बसलेलं आहे. त्याच्या नातवाला तुम्ही रोज हजेरीत हाक मारता.

मी मागते आहे ते फार नाही. या वर्षी वेशभूषा स्पर्धेच्या जागी, किंवा तिच्याबरोबर म्हणा हवं तर, मुलांना घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे पाठवा. घरी नसेल तर शेजारी. ‘आजोबा, तुम्ही काय केलं’ असं विचारायला लावू नका, माझी चूक तुम्ही करू नका. लहान, हातात धरता येतील असे प्रश्न द्या. त्या दिवशी काय शिजलं होतं? पांढरी साडी कोणाची नेसलीस? कोणाच्या घरी उतरलात? कोणतं काम करायला ‘नाही’ म्हटलं, आणि पहिल्यांदा ‘नाही’ कोण म्हणालं? घरी आल्यावर कोण रागावलं? मुलानं ऐकलं तसं, त्याच बोलीत लिहावं. ‘आमी काई नाई केलं’ असंच लिहू द्या, त्याचं ‘आम्ही काहीही केले नाही’ करू नका. शुद्धलेखनाच्या लाल खुणा त्या वहीवर नकोत.

आठवणी चुकतात, हे खरं. माझे वडील मोठ्यांकडून ऐकलेला १९३० चा जंगल सत्याग्रह आणि स्वतः पाहिलेलं बेचाळीस यांची सरमिसळ करायचे. म्हणून मोठ्या वर्गातल्या मुलांना जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींपाशी न्या, ‘महाराष्ट्र’ आणि ‘हितवाद’ ही आपल्या गावची जुनी पत्रं, आणि जिल्ह्याचं गॅझेटियर. आजीचं बोलणं आणि छापील तारीख एकमेकांपुढे ठेवायला शिकलेलं मूल पुढे कोणाच्याही भाषणानं किंवा मोबाईलवर आलेल्या मजकुरानं सहजासहजी फसत नाही. आपल्या विषयाचं काम याहून वेगळं काय आहे?

आणि त्या वह्या रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट, त्यावर शाळेचं नाव, वर्ष. मोबाईलवर टाकून विसरू नका. मी नोकरीत असताना २००९ साली मुलांकडून अशा ४३ वह्या लिहून घेतल्या होत्या. रंगकाम निघालं, खोली रिकामी करायची होती, आणि मी रजेवर असताना त्या गेल्या. कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्यातल्या एका वहीत झाशी राणी चौकाजवळ चहाची गाडी लावणाऱ्या एका आजोबांनी छप्पन सालची दसऱ्याची रात्र सांगितली होती, आणि ते आजोबा आता नाहीत.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून तुमची मुलं जातात त्या पुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाकडे मोर्चा घेऊन आलेले ११४ गोवारी चेंगरून मेले, बहुतेक बायका आणि लेकरं. गुराखी माणसं. आपलं नाव सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत नीट लिहिलं जावं एवढीच त्यांची मागणी होती. पुलाचं नाव मुलांना वाचायला सांगा. ११४ हा आकडा फळ्यावर लिहा आणि वर्गातल्या पटसंख्येशी ताडून बघायला सांगा. बाकी तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

तुम्हाला वेळ नाही, हे मला माहीत आहे. निवडणुकीची कामं, पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं. तुमच्या वेळेवर तुमचा हक्क राहिलेला नाही हे मी स्वतः भोगलं आहे. म्हणून मी येते. बोलावलंत तर कोणत्याही शाळेत, झेडपीची असो की महापालिकेची, काटोलची असो की कामठीची, एसटीनं येईन. मानधन नको, हारतुरे नकोत. एक तास द्या आणि पंखा चालणारी खोली द्या.

सोबत आजोबांचा धोटा आणीन. शिसवीचा आहे, दोन्ही टोकांना लोखंड, मधल्या खोबणीत अजून एक कांडी अडकलेली. तिच्यावरचं सूत आजीनं भरलेलं आहे की काय, ते मला सांगता येत नाही, पण ती कांडी मी काढलेली नाही. मुलांना तो हातात घेऊ द्या. एका बाजूनं तो इतका झिजला आहे की अंगठा आपोआप तिथेच जाऊन बसतो.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
नागपूर